डुकराची सहल

आमच्या घरी १९५६ सालची डुक्कर फियाट आहे. हे वाक्य नव्या पाहुण्यांपुढे जपून बोलावं लागतं. 'आजोबांनी डुक्कर घेतलं तेव्हा आख्ख्या पेठेत दुसरं नव्हतं,' असं मी एकदा कौतुकानं म्हणालो, तर मेहुण्याच्या सासूबाईंनी हातातला चहा खाली ठेवला.

गाडी इटलीच्या फियाटची, ११०० मॉडेल, कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरमध्ये तयार झालेली. त्या फुगीर नाकाडावरून लोकांनीच तिचं बारसं केलं. पुढे तिच्याच कुळातली पद्मिनी आली, मुंबईची काळी-पिवळी झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी मोबाइलवर नुसता महापूर. तिला हात दाखवायचं सोडून मागच्या एसी टॅक्सीला दाखवणारे सगळे गळा काढून रडत होते. त्या भरात आमच्याही घरात ठराव झाला: अकरा वर्षं ताडपत्रीखाली असलेलं डुक्कर चालू करायचं आणि लोणावळ्याला न्यायचं.

पहिला प्रश्न कागदाचा. आपल्याकडे खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की सरकार तिच्याकडे संशयानं बघू लागतं. फिटनेस दाखवा, पर्यावरण कर भरा, नाहीतर भंगारात काढा. पण तीच गाडी पन्नाशी ओलांडून मूळ रूपात उभी राहिली, तर ती 'व्हिंटेज' होते, वारसा होते. मधली पस्तीस वर्षं तिनं कुठं लपून काढायची, ते नियमात नाही. २०२१ च्या या नियमानुसार नवी नोंदणी वीस हजारांना, दहा वर्षांसाठी, आणि पाटीवर ऐटीत 'व्हीए' ही अक्षरं. मात्र गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

हे वाचून वडील गहिवरले. म्हणाले, "अरे, हिनं जन्मभर दुसरं केलंय काय?"

मिस्त्री आला. बॉनेट उघडून त्यानं आधी एअर फिल्टरमधून उंदराचं घरटं काढलं. त्यात आमची २०१६ सालची लग्नपत्रिका बारीक कुरतडून अंथरलेली होती. टाकीतलं पेट्रोल आटून काकवीसारखं झालेलं, कार्बोरेटरचं जेट बुजलेलं, ब्रेक चाकाला धरून बसलेले. "करंटच येत नाही," असं म्हणत त्यानं डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, काडेपेटीची खरखरीत बाजू फाडून पॉइंटच्या फटीत घातली आणि दोनदा खालीवर केली. मग एक प्लग बाहेर काढून वायरीला जोडला, इंजिनाला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. टिचकीएवढी निळी ठिणगी उडाली. सगळ्या वाड्यानं टाळ्या वाजवल्या. आजकाल गाडीत काही बिघडलं की लॅपटॉप जोडतात. आमच्याकडे काडेपेटी जोडली.

रबरी नळ्या मात्र सगळ्या बदलाव्या लागल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. मिस्त्री म्हणाला, "साहेब, जुन्या रबराला ऊस पचत नाही." महाराष्ट्रात राहून ऊस न पचणारं हे एवढं एकच असावं.

शेवटी रविवार उजाडला. गाडीला हार, नारळ, चाकांखाली लिंबं. पुढच्या सलग सीटवर मी, वडील आणि शेजारचे काका. काकांना कुणी बोलावलं नव्हतं, पण जुनी गाडी चालू होताना सल्ल्याला माणूस लागतोच. चोक ओढला, सेल्फ मारला. डुक्कर खोकलं, निळा धूर सोडला आणि चक्क सुरू झालं! हँडलचा गिअर वडिलांनी मला सात वेळा समजावला, काकांनी आठ वेळा, आणि दोघांच्या समजुतीत पहिला गिअर वेगवेगळ्या जागी होता.

चौथ्या सिग्नलला ती बंद पडली. ऊन चढलं होतं. पंपात पेट्रोलची वाफ झाली की पुढे थेंब जात नाही. त्याच्यावर फियाटवाल्यांचा एकच पिढीजात इलाज: पंपावर ओलं फडकं. ते आणायचं राहिलं होतं. वडिलांनी निमूटपणे गळ्यातला इस्त्रीचा रुमाल काढला, लोणावळ्यासाठी आणलेल्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि तापल्या पंपाच्या कपाळावर ठेवला. तापातल्या माझ्या कपाळावर त्यांनी कधी इतक्या मायेनं पट्टी ठेवल्याचं आठवत नाही.

तेवढ्यात ट्रॅफिक हवालदार आले. पाटीवरचं 'व्हीए' बघून त्यांनी विचारलं, "व्हिंटेज ना? मग रस्त्यावर कशाला? निघालात कुठं?"

लोणावळा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वडील नियम पाठ करून आले होते.

"पेट्रोल भरायला," ते म्हणाले. "आणि दुरुस्तीला."

हवालदारांनी बॉनेटमध्ये डोकावून रुमालाकडे बघितलं, मागं साठलेल्या रांगेकडे बघितलं आणि बाह्या वर केल्या. "दुसऱ्यात टाका. मी ढकलतो, हलली की क्लच सोडा."

वडील ढकलायला मागं गेले, दोन रिक्षावालेही आले. काका तेवढे उतरले नाहीत. ते म्हणाले, आत वजन असलं की गाडी रस्ता धरते.