वजन घटवा, उत्पादन वाढवा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वजनाला फार मान आहे. टेरी टॉवेल इथून किलोवर जातो, जीएसएमवर जातो. चौरस मीटरला ठरल्यापेक्षा ग्रॅम कमी भरले की पार्टी कुरकुरते, जास्त भरले की मालकाचे सूत फुकट जाते. शिवाय कापूस हवेतले पाणी पितो, म्हणून त्याच्या व्यवहारात साडेआठ टक्के ओलावा धरण्याची रीतच आहे. त्याहून ओले सूत आले की गोदामाच्या दारातच भांडण. काटा काय दाखवतो आणि माल खरा किती, यातला फरक समजायला इथे कुणाला क्लास लावावा लागत नाही. हे शहाणपण फक्त स्वतःच्या पोटाला लावायचे तेवढे राहून गेले आहे.

उदाहरणार्थ डिस्पॅचचे साहेब. हे कुठल्या एका कारखान्याचे नाहीत. नीलम नगराच्या बाजूने एमआयडीसीत शिरून कुठल्याही शेडच्या काचेच्या केबिनमध्ये डोकावा, ते तिथे बसलेले दिसतील. वय पंचेचाळीस, वजन ऐंशीच्या पुढे, कानाला फोन. ते वजन कमी करत आहेत. गेल्या दिवाळीपासून करत आहेत. मोबाइलमधल्या अ‍ॅपने त्यांना दिवसाला १,२०० कॅलरीचा कोटा ठरवून दिला आहे आणि साहेब तो कोटा ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिलासारखा आणखी कापून वापरतात.

सकाळी साडेआठला ग्रीन टी. अकराला पार्टी येते, तिच्यासोबत चहा; चहा म्हणजे काही खाणे नव्हे, त्यामुळे तो अ‍ॅपला सांगण्याचे कारण नाही. दीडला डबा उघडायचा तर कंटेनर लागलेला असतो. तीनला जीएसटीवाल्या सीएचा फोन. चारला दोन मारी बिस्किटे, सोबत पुन्हा चहा. संध्याकाळी सहाला अ‍ॅप त्यांचे अभिनंदन करते : आज कोट्याच्या कितीतरी खाली, शाब्बास. अ‍ॅपला बिचाऱ्याला काय माहीत, साहेबांचा दिवस अजून सुरूच व्हायचा आहे. साडेसातला पार्क चौपाटीवर पावभाजी, कारण ‘दिवसभर पोटात काही नाही’. साडेनऊला घरी पूर्ण जेवण, कारण ‘बाहेर काय, थोडेसेच खाल्ले’. अकराला फ्रिजपुढे उभ्यानेच शेंगापोळी, जी उभ्याने खाल्ल्यामुळे हिशेबात धरत नाहीत. भजी झाली असतील, तर त्यांची नोंद साहेब ‘कांदा, कच्चा’ अशी करतात.

या सगळ्यात चहाचा हिशेब कुणी मांडलाच, तर कपाला दोन चमचे साखर म्हणजे चाळीस कॅलरी, वर दूध. दिवसाला सहा कप धरले तर चारशेच्या घरात. म्हणजे जे खाणे नव्हे, त्याच्यातच साहेबांच्या कोट्याचा तिसरा हिस्सा बसतो.

हा १,२०० चा आकडा आला कुठून? अ‍ॅप नवे असले तरी आकडा शंभरी ओलांडलेला आहे. लॉस एंजेलिसच्या डॉक्टर ल्युलू हंट पीटर्स यांनी १९१८ मध्ये आहारावर एक पुस्तक लिहिले, त्यात पोळीऐवजी कॅलरी मोजायला शिकवले आणि वजन उतरवू पाहणाऱ्या बायकांपुढे १,२०० चा आकडा ठेवला. एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या बायकांसाठी काढलेले माप आज सोलापुरातला ऐंशी किलोचा गडी विनातक्रार घालून फिरतो. टॉवेलचा साइज चुकला असता तर याच गड्याने अख्खा लॉट परत पाठवला असता.

पुढचा प्रकार अधिक गमतीचा आहे. अमेरिकेतल्याच मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी माणसांना पुन्हा खायला कसे घालायचे, हे शोधायचे होते. त्यासाठी आधी कुणीतरी उपाशी राहायला हवे. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेले हे तरुण त्याला तयार झाले. सहा महिने त्यांना दिवसाला साधारण सोळाशे कॅलरी दिल्या आणि आठवड्याला २२ मैल चालवले. वजन चौथ्या हिश्शाने उतरले, हे ठरल्याप्रमाणे. पण मंडळींना थंडी वाजू लागली, स्वप्नात जेवणाची ताटे येऊ लागली, ती पाककृतींची पुस्तके वाचू लागली, ताट चाटू लागली, आणि क्षुल्लक कारणावरून एकमेकांवर खेकसू लागली. शास्त्रात या सोळाशे कॅलरींना अर्धउपासमार म्हणतात. आपल्याकडे त्यातल्या आणखी चारशे कापून त्याला लाइफस्टाइल म्हणतात.

खेकसण्याची साक्ष काढायला मिनेसोटाला जाण्याचीही गरज नाही. शेडमधला जॉबर रोज ती देतो. “काय साहेब, आज बी डबा तसाच?” साहेब म्हणतात, “डाएट चालू आहे.” जॉबर मागाकडे वळता वळता म्हणतो, “मंग पाच वाजता शिव्या आमालाच बसतेत की.”

महाराष्ट्रात या बाबतीत मार्गदर्शनाची टंचाई आहे, असे कुणी म्हणू नये. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवला : दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही नको. राज्य सरकारने २०१८ मध्ये लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेसाठी दीक्षितांनाच पुढे केले. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर : दर दोन तासांनी थोडे खा, घरचे खा, तुपाला घाबरू नका. त्या वर्षी मराठी घरांत यावरून सरळ दोन तट पडले. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसणार, हे त्यावर ठरू लागले. कुणाचे बरोबर, हा वाद वैद्यांनी मिटवावा. एमआयडीसीने मात्र समन्वय साधला. साहेब ड्यूटीवर दीक्षितांचे ऐकतात आणि घरी आल्यावर दिवेकरांचे. दीक्षितांचे जेवण ते ५५ मिनिटांऐवजी शून्य मिनिटांत संपवतात, दिवेकरांचे दोन तास त्यांना वीस मिनिटांचे वाटतात.

गुरुवार वेगळा. गुरुवारी उपवास. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात शेंगदाण्याचे भरपूर कूट, वर तळलेल्या मिरच्या. साबुदाण्याला शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि दाण्याला पाचशेच्या वर, हे अक्कलकोटच्या स्वामींना ठाऊक असेल, अ‍ॅपला नसते. संध्याकाळी गाडी काढून अक्कलकोट, दर्शन, अन्नछत्रात महाप्रसाद. प्रसादाला नाही म्हणायचे नसते. आणि प्रसादाची कॅलरी मोजायची तर नसतेच नसते.

आता काचेच्या केबिनमधून बाहेर यावे. बाहेरही कॅलरी मोजल्या जातात, पण वेगळ्या वहीत. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे काढायचे ते ठरवले, तेव्हा पोषणशास्त्रज्ञ डॉ. अ‍ॅक्रॉइड यांचा हिशेब घेतला. घरटी तीन प्रौढांइतके खाणे, माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, वर घरभाडे आणि जळण-दिवाबत्ती. म्हणजे या देशात मजुरीचा पायाच कॅलरीवर रचलेला आहे. २,७०० हा आकडा अजून सरकारी कागदांत जिवंत आहे. पुढे १९७९ मध्ये दारिद्र्यरेषा आखली, तीही कॅलरीनेच : खेड्यात २,४००, शहरात २,१००. शहरात ज्याला इतकेही परवडत नव्हते तो गरीब ठरे. साहेब त्या रेषेच्या नऊशे कॅलरी खाली उतरण्यासाठी अ‍ॅपला वर्गणी भरतात. रेशन कार्डाचा रंग मात्र बदलून मिळत नाही.

मागावरच्या माणसाला हे सगळे सांगून पाहावे. यंत्रमागाची पाळी बारा तासांची, मजुरी कामाच्या मापावर. माग थांबला की मजुरी थांबली. त्यामुळे जेवायला बसायचे तर शेजारच्याला ‘जरा बघ’ म्हणायचे आणि धागा तुटायच्या आत घास संपवायचा. १९४८ च्या कारखाना कायद्यात सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि अडीचशेवर कामगार असतील तिथे कॅन्टीन, असे लिहिले होते. इथल्या शेडी अडीचशेच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत, त्यामुळे कॅन्टीन म्हणजे गेटबाहेरची वडापावची गाडी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि जेवणाच्या सुट्टीआधीचे पाच तास सहापर्यंत न्यायच्या दुरुस्तीला मान्यता दिली. त्यात कामगाराच्या संमतीचीही भाषा आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये ही बातमी कुणी मोठ्याने वाचून दाखवली असेल, तर लोकांना ती जुन्या पेपरातली वाटली असेल.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात मध्यम कष्टाच्या बाईला दिवसाला २,१३० कॅलरी लागतात, जड कामाच्या पुरुषाला ३,४७०, बसून काम करणाऱ्याला २,११०. कांडी भरणारी बाई आणि केबिनमधला साहेब यांची गरज जवळपास सारखीच निघते. फरक इतकाच की तिला तेवढे मिळवायचे आहे आणि त्याला त्यातून थोडे सोडायचे आहे. दोघांनाही दुपारी दीड वाजता ते जमत नाही, आणि दोघांचेही कारण एकच : काम. महाराष्ट्रात पाचातली एक बाई कृश आणि जवळजवळ चारातली एक स्थूल, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवले आहे. या दोघी एकाच रिक्षातून कामावर येत असतील, तरी नवल नाही.

बरे, साहेबांनी सोडायचे तरी किती? त्याच पोषण संस्थेचा सल्ला साधा आहे. आठवड्याला अर्धा किलो उतरणे पुरेसे, आणि कितीही घाई असली तरी दिवसाचा आहार हजार कॅलरींखाली नेऊ नये. हजार ही झाली तळाची पायरी. ऐंशी किलोच्या माणसाने सतराशे-अठराशे खाल्ले तरी वजन उतरते. पण सतराशे खायचे म्हणजे ते दिवसभरात खायला हवेत, आणि खायला हवेत म्हणजे फोन ठेवायला हवा. इथे योजना फसते.

कारण खाण्याची सोय तर डब्यातच आहे. दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, चमचाभर तेल, वाटीभर दही आणि दोन चमचे शेंगाचटणी. बेरीज पावणेनऊशेच्या आसपास, प्रथिने तीस ग्रॅमच्या वर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला त्याआधीच मिळाले होते. कडक भाकरी तर महिनाभर टिकते, कंटेनर उशिरा लागला म्हणून रुसत नाही, ड्रॉवरमध्ये राहते आणि मोडून दह्यात कालवली की दहा मिनिटांत जेवण. पण साहेबांच्या ड्रॉवरमध्ये प्रोटीन बार आहे. त्याच्या वेष्टनावर इंग्रजीत ज्वारी लिहिलेली आहे, म्हणून तो महाग आहे. कडक भाकरीत ‘कार्ब्स’ असतात, अशी त्यांना शंका आहे. ही शंका हुरड्याच्या पार्टीला येत नाही. डिसेंबर-जानेवारीत सगळे ऑफिस शेतावर जाते, तेव्हा साहेब हुरडा, गूळ, दही, शेंगाचटणी यांचा तीन तास समाचार घेतात आणि अ‍ॅपमध्ये ‘सॅलड’ लिहितात.

तरीही पहिल्या आठवड्यात काटा तीन किलो खाली आला होता, हे मान्य करावे लागेल. साहेबांनी त्या काट्याचा फोटो ग्रुपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला. खाणे एकदम तोडले की शरीर आधी स्नायूंतली आणि यकृतातली साखर काढून वापरते, आणि त्या साखरेच्या ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी बांधलेले असते, तेही निघून जाते. चरबी बसल्या जागी बसलेली. एक किलो चरबी जाळायला सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते. ती आठवड्यात तीन वेळा पाडणे केबिनमधल्या माणसाला शक्य नाही. सुताच्या पोत्यात बोट घालून ‘यात पाणी आहे’ म्हणणाऱ्या आणि बिलातून ओलावा कापणाऱ्या माणसाने स्वतःचा ओलावा मात्र नफ्यात धरला. पुढच्या आठवड्यात दीड किलो परत आले, तेव्हा दोष काट्याला गेला. काटा बदलला. आता कारखान्यात दोन काटे आहेत, एक मालाचा, एक साहेबांचा. साहेबांच्या काट्याला वजनमापाचा शिक्का नाही.

व्यवस्थापनाने या सगळ्याची दखल घेतली आहे, हे सांगायलाच हवे. लोक वेळेवर जेवत नाहीत, दुपारनंतर चिडचिड होते, पॅकिंगमध्ये चुका होतात, असे लक्षात आल्यावर एक वेलनेस समिती नेमली. अध्यक्षपद अर्थातच डिस्पॅचच्या साहेबांकडे, कारण त्यांना विषयाचा अनुभव आहे. जॉबरला कामगार प्रतिनिधी म्हणून घेतले. त्याच्या मागांकडे त्या वेळात कोण बघणार, हा मुद्दा पुढच्या बैठकीवर ठेवला. नोटीस बोर्डावर लागली आहे. विषय : सर्वांना जेवणासाठी पुरेसा वेळ मिळावा याबाबत. बैठक दर मंगळवारी, दुपारी १ ते २. चहा-बिस्किटांची सोय केली आहे.