आपला माणूस येऊन जाईल

पुण्यात घर भाड्यानं मिळतं. घरातल्या वस्तू सांभाळायला मिळतात. हा फरक सही करताना कुणी सांगत नाही, कारण त्या वेळी काकू पोह्यांवर खोबरं पेरत असतात आणि काका 'आपल्याकडे पाण्याचा प्रश्न नाही' हे सांगत असतात.

काका म्हणजे घरमालक. कर्वेनगर, सहकारनगर, कोथरूड या भागांत पगारातून पै पै साठवून बंगली बांधायची, तळमजल्यावर स्वतः राहायचं, पहिला मजला भाड्यानं द्यायचा आणि गच्चीवरच्या खोलीत दोन नोकरदार पोरं ठेवायची, अशी ही एक जमातच आहे. सेवानिवृत्त, सडपातळ, पहाटे फिरून आलेले. शर्टाच्या खिशात पेन असायचं तिथं टेस्टर. तो टेस्टर त्यांनी कशाला लावल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पण बोलताना ते तो काढतात, निरखतात आणि परत खिशाला लावतात. तेवढ्यानंही समोरच्याला तपासणी झाल्यासारखं वाटतं.

करार अकरा महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो, म्हणून एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो, फोटो काढतो, अंगठे घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पळतो. काकांचा करार त्यानंतर सुरू होतो. वहीतून फाडलेल्या कागदावर, मोत्यासारख्या अक्षरात यादी: 'पंखे 3, ट्यूब 4, गीझर 1 (उत्तम), फ्रिज 1 (अत्युत्तम), कपडे धुण्याचे यंत्र 1 (हळुवार हाताळणे).' खाली आमची सही. सरकारी करारात वस्तूंबद्दल एकच ओळ असते, 'सर्व वस्तू चालू स्थितीत'. ती लिहिणाऱ्यानं काकांचा फ्रिज पाहिलेला नसतो.

काकांच्या मते वस्तू बिघडत नाही. वापरणारा चुकतो, किंवा वस्तूचा स्वभाव त्याच्या ध्यानात आलेला नसतो. म्हणून तक्रार घेऊन खाली गेलं, की आधी आपलीच उलटतपासणी होते.

"काका, हॉलमधला पंखा फार हळू फिरतोय."

"हळू नाही, शांत फिरतोय. तुम्हाला ऑफिसातल्या एसीची सवय."

"पाचवर ठेवला तरी वारा लागत नाही."

"मग तीनवर ठेवून बघा. उगाच का ताण द्यायचा?"

यात खरी गोष्ट एवढीच होती, की पंख्याचा कंडेन्सर गेला होता. 2.5 मायक्रोफॅरडचा तो डबीएवढा तुकडा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि रिक्षाच्या भाड्याहून स्वस्त पडतो. वायरमन शिडीवर चढला, की दहा मिनिटांत बदलून उतरतो. पण दुकानातून वायरमन आणायचा म्हणजे 'बाहेरचा माणूस' आणायचा. काकांच्या वास्तूला बाहेरच्या माणसाचा हात लागत नाही. तिला 'आपला माणूस' लागतो.

आपला माणूस हे काकांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दैवत. बांधकामाच्या वेळी वायरिंग त्यानंच केलं, म्हणून या घराची नस त्यालाच माहीत. तो कधी गावी गेलेला असतो, कधी साइटवर असतो, कधी त्याच्या घरी कुणाचं तरी लग्न असतं. 'आपला माणूस येऊन जाईल' या वाक्यात 'येईल' आणि 'जाईल' ही दोन्ही क्रियापदं आहेत, पण दुरुस्त करील असं त्यात कुठंही नाही, हे माझ्या बायकोनं पहिल्याच पावसाळ्यात ओळखलं होतं.

येतो तेव्हा मात्र बघण्यासारखा असतो. हातात एक पक्कड, कानामागे पेन्सिल, सुटे स्क्रू ठेवायला गुटख्याची रिकामी पुडी. झाकण उघडतो, आत डोकावतो आणि आमच्याकडे वळून विचारतो, "याला कुणी हात लावला होता?" हा प्रश्न जगातले सगळे मेकॅनिक विचारतात. फरक एवढाच, की इथं आधीचा हातही त्याचाच असतो. मग काका जिन्यात काही आणायला गेले, की तो आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, खरं सांगू का, हे बदलायला झालंय." काका परत आले, की त्याच तोंडानं म्हणतो, "होऊन जाईल काका." दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो.

फ्रिजचं प्रकरण थोडं वेगळं. विजेच्या उपकरणांवर तारे चिकटवायची योजना आपल्याकडे 2006 साली सुरू झाली. काकांचा फ्रिज त्याच्या आधीचा, म्हणून त्याच्या कपाळावर एकही तारा नाही. तो दिवसभर घरघरतो, दाराचं रबर सैल झाल्यामुळे बर्फाचा डोंगर करतो आणि रात्री कॉम्प्रेसर बंद होताना असा हिसका देतो, की वरच्या स्टीलच्या डब्यांचा जलतरंग वाजतो. काका त्याच्या अंगावर थाप मारून म्हणतात, "पत्रा बघा पत्रा! आता असा मिळणार नाही." पत्रा खरंच उत्तम आहे. पण विजेचं मीटर आमच्या नावावर आहे. नवा फ्रिज घ्यायचा तर पैसे काकांचे जाणार आणि बिल वाचणार आमचं. या हिशेबातच भाड्याच्या घरातले निम्मे फ्रिज म्हातारे होतात. यात काकांचा लोभ नाही. त्यांना तो हिशेब सुचलेलाच नाही, आणि आम्ही सुचवला तेव्हा त्यांनी टेस्टर काढून पाहिला.

सगळ्यात रंगला तो गीझर. बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार कॉईलवर थर धरतात, कॉईल आतल्या आत तापते आणि एक दिवस जळते. डिसेंबरात आमच्या गीझरनं मान टाकली. काकांनी विचारलं, "बटण लावलं होतं ना?" मग "मेन स्विच?" मग, जरा थांबून, "आधीच्या भाडेकरूंची काही तक्रार नव्हती हो." आधीचे भाडेकरू कसे होते कोण जाणे. ते कधी आजारी पडले नाहीत, त्यांनी खिळा ठोकला नाही, आणि बहुधा आंघोळही थंड पाण्यानंच केली.

कंपनीचा माणूस बोलावू म्हटलं, तर काका दुखावले. स्वतः बस पकडून ते बुधवार पेठेत गेले. पासोड्या विठोबाच्या आसपास विजेच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथं उन्हात फिरून त्यांनी कॉईल आणली. आपल्या माणसानं ती बसवली. बसली तर छान. पण मूळची होती 2000 वॅटची आणि ही निघाली 1000 वॅटची.

"उलट बरंच झालं," काका म्हणाले. "वीज निम्मी लागेल."

वीज निम्मी लागत होती, वेळ दुप्पट लागत होता, मीटर होतं तिथंच होतं. थंडीत 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 2000 वॅटला पस्तीसेक मिनिटं पुरतात; आमच्याकडे सव्वा तास. आमच्या घरात आंघोळीचं वेळापत्रक आखलं गेलं आणि पाहुण्यांना येण्याआधी विचारणं सुरू झालं.

आता काकांची दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर माणूस अर्धाच दिसेल. ज्या सकाळी गीझर अगदीच बंद पडायचा, त्या सकाळी सहा वाजता दार वाजायचं. बाहेर काका. कानटोपी, स्वेटर, आणि हातात वाफाळत्या पाण्याची बादली. "तुमच्या काकूनं तापवून ठेवलंय. जपून हं, फार कढत आहे." सत्तरी ओलांडलेला माणूस भरली बादली घेऊन जिना चढला म्हणताना आपण काय बोलणार? रोज बादली वाहीन, पण गीझर बदलणार नाही. चिकटपणा म्हणावा, तर एवढी मेहनत कोणता चिकट माणूस करतो?

पुढे कुणीतरी त्यांना केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्याची यादी पाठवली. तिच्यात गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे, नळाचे वॉशर आणि बटणंही. काकांनी छायाप्रत काढून, 'गीझर' या शब्दाखाली लाल रेघ मारून ती आम्हाला दिली. मी म्हटलं, "काका, हा नमुना आहे. राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो इथं लागत नाही."

"कलम बघू नका, कायद्याचा हेतू बघा."

हेतू बघायला कागद उलगडला, तेव्हा वरच्या भागातली घरमालकाची यादी दिसली: भिंतींची रंगसफेदी, पाण्याचे पाइप, घराचं वायरिंग. तेवढा भाग काकांनी व्यवस्थित घडी घालून मागे दुमडला होता. "ते आपला माणूस बघतो," असं म्हणून त्यांनी तो पुन्हा दुमडला.

आणि मग एके दिवशी दारात टेंपो थांबला. त्यातून नवाकोरा गीझर उतरला, पाच ताऱ्यांचा. आमचा आनंद जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत टिकला. अमेरिकेतून काकांचा नातू येणार होता. नवा गीझर त्यांच्या न्हाणीघरात गेला. काकांचा जुना, 'अजून दहा वर्षं हलत नाही' असा, पहिल्या मजल्यावर आम्हाला मिळाला. आणि आमचा 1000 वॅटचा 'उत्तम' गीझर आपल्या माणसानं खांद्यावर घेऊन गच्चीवरच्या पोरांकडे नेला, जी आजवर बादलीत रॉड टाकून भागवत होती. यादीत काकांनी त्यांच्यापुढे लिहिलं: 'गीझर 1 (नवीन).'

रात्री त्यातला एक पोरगा खाली आला. हिंजवडीला नोकरी करतो, बिचारा सरळ आहे.

"दादा, काका म्हणाले तुमच्याकडे मस्त चालत होता. खरं ना?"

"तुझी कंपनीची बस कितीला असते?"

"साडेसातला."

"मग पाचला उठायचं, बटण दाबायचं आणि परत झोपायचं."