हेडफोन-परीक्षा : खारदांडा पाठ

सुवाह्य हेडफोनची, म्हणजे पिशवीत किंवा गळ्यात बाळगण्याजोग्या श्रवणसाधनाची, परीक्षा बांधणी, नाद आणि किंमत या तीन अंगांनी करावी हे सर्वमान्य असले, तरी खारदांड्यात, म्हणजे मुंबईतल्या समुद्रकाठच्या कोळीवाड्यात, खारा वारा हे चौथे अंग धरावेच लागते. कारण ज्या वाऱ्यावर वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील वाळतात, त्याच वाऱ्याने पिनेवरचा मुलामा विटतो आणि खालचे पितळ हिरवे पडते.

बांधणी पाहताना डबीच्या चकाकीकडे दुर्लक्ष करून वायर पिनेत शिरते ती जागा अंगठ्याने चाचपावी. तेथे लवचीक रबरी बाही नसेल, तर उजवा कान पहिला पावसाळा काढील, दुसऱ्याची खात्री नाही. कृत्रिम चामड्याच्या गाद्या दमट हवेत सोलतात आणि त्यांचे काळे पापुद्रे कानशिलावर मिरवत गृहस्थ कचेरीत पोहोचतो, एवढेच नव्हे तर गादी कानाला नीट बसेनाशी झाली की खर्जही निसटतो. म्हणून सुट्या गाद्या मिळतात का, हा प्रश्न भावाच्या आधी विचारावा.

नादाच्या बाबतीत, डबीवरील ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ हा मजकूर दोनशेच्या मालावरही असतो आणि वीस हजारांच्याही, कारण छापायला खर्च सारखाच येतो. रोधाचा, म्हणजे ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विद्युत अडथळ्याचा, आकडा मात्र वाचावा. तीनशे ओहमचा हेडफोन साध्या मोबाइलवर बहुधा कुजबुजतो.

कोस कंपनीचा पोर्टा प्रो 1984 पासून जवळपास त्याच रूपात विकला जातो, घडी होतो, त्याचे फोमचे तुकडे सहज बदलता येतात आणि तो गोडही वाजतो. परंतु तो उघड्या जातीचा असल्याने लोकलमधील अख्ख्या बाकाला श्रवणलाभ होतो. गोंगाट-निवारण, म्हणजे बाहेरच्या ध्वनीची उलटी लहर निर्माण करून तो मारण्याची युक्ती, गाडीची संथ घरघर उत्तम गिळते, पण ‘जरा सरकून बसा’ आणि गावातल्या हळदीचा बेंजो यांपुढे तिचे फारसे चालत नाही.

येथे एका ग्राहकजातीचा उल्लेख अपरिहार्य आहे. हा रसिक तीन महिने तुलना करतो, लिंकिंग रोडवरच्या फेरीवाल्यापासून लॅमिंग्टन रोडपर्यंत भाव काढतो, घरच्यांना ‘या सुरात आणि त्या सुरात फरक कळला का?’ म्हणून जेवणावरून उठवतो, आणि अखेर घेतलेला महागडा जोड खराब होईल म्हणून कपाटात ठेवून रोज दोनशेच्याच वायरीने प्रवास करतो. अहो, वापरायचा नव्हता तर घेतला कशाला? तरीही रविवारी तो डबी उघडतो, गादीवरून मऊ फडके फिरवतो आणि डोळे मिटून बसतो, तेव्हा घरात कोणी त्याला भाजी आणायला पाठवत नाही.

दुकानात ऐकताना आपल्या नित्याच्या ऐकण्यातले गाणे लावावे आणि दोन्ही जोडांचा आवाज सारखा ठेवायला लावावा, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो आणि हे विक्रेत्याला ठाऊक असते. सुटी होणारी वायर, बदलत्या गाद्या आणि मधली किंमत असा जोड घ्यावा. बिल जपून ठेवावे; वॉरंटीत गंज बहुधा धरलेला नसतो.