आभाराची पंगत

ज्येष्ठा नक्षत्रावर गौरी जेवतात. पुरणपोळी, कटाची आमटी, पंचामृत आणि अनेक घरांत 16 भाज्यांची एक भाजी. हल्ली या बेतात कृतज्ञताही वाढतात. पानं मांडून झाली, की परदेशातून आलेला पुतण्या सगळ्यांना थांबवतो. ‘‘आधी प्रत्येकाने एकेका गोष्टीबद्दल आभार मानू या.’’ काका विश्वचैतन्याचे मानतात. जावई म्युच्युअल फंडाचे. आत्या गुडघ्याच्या डॉक्टरांचे मानतात आणि ओघात खर्चही सांगतात, विम्याने किती दिले तेही. तोवर भाताची मूद निवते, तूप थिजतं.

‘‘कुणी राहिलं का?’’ पुतण्या विचारतो. कुणालाच कुणी आठवत नाही. पहाटेपासून पुरण वाटणाऱ्या दोघी जावा आत पोळ्या लाटतायत. त्यांची पंगत शेवटची. (गौरी माहेरवाशिणी, त्यांना हे काम नसतं.)

या हृद्य क्षणाचा फोटो तर हवाच. सगळे त्यात हवेत, म्हणून तो काढायला धाकटीला बाहेर बोलावलं जातं.

‘‘अरे, हात पिठाचे आहेत.’’

‘‘काकू, एका बोटाने दाबलं तरी चालेल.’’