अकरा खिशांचा निसर्गप्रेमी

"सोपी वाट आहे, आजीलाही जमेल," असं कोणी म्हटलं की माझा हिरमोड होतो. अवघड वाटेवर दमलं तर कौतुक होतं. सोप्या वाटेवर दमलं की लोक रक्तदाब विचारतात. म्हणून मावळातल्या नवलाख उंबरे गावाजवळच्या तंबूतून सकाळी सुधा नदीच्या काठाने जाधववाडी धरणाच्या दिशेला निघताना मी अकरा खिशांचं जाकीट चढवलं. दहा रिकामे, एकात पित्ताच्या गोळ्या.

घरात झाडांतलं मला कळतं असा समज आहे. तो मीच पसरवलाय. करंज, जांभूळ आणि उंबर मला ओळखता येतात. बाकी सगळ्यांना मी "रानटी जात" म्हणतो. त्यामुळे खोडालाच घोस लगडलेला उंबर दिसल्याबरोबर माझी जीभ सैल सुटली. फुलं दिसत नाहीत, कारण ती फळाच्या पोटात असतात. टोकाला बारीकसं भोक. त्यातून चिलटाएवढी गांधीलमाशी आत घुसते, घुसताना बहुधा पंख गमावते, पराग पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. नर तर बिनपंखांचेच जन्मतात, माद्यांसाठी बाहेरची वाट कोरतात आणि स्वतः...

"अहो, मुलांना भूक लागलीय."

मी नरांपाशीच होतो. इकडे भाचीने पिकायला आलेलं उंबर फोडलं. किडे तिच्या बोटावर चढले.

"मामा, आता हे राहणार कुठे?"

मी "परिसंस्था" हा शब्द काढला. तिने दोन्ही फाका जुळवून फळ बुंध्याशी ठेवलं आणि हात धुवायला पाण्याकडे पळाली. मी धावत जाऊन तिचं मनगट पकडलं, ते तंबूपर्यंत सोडलं नाही. कुंडमळा इथून फार लांब नाही. 15 जून 2025 च्या रविवारी तिथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला, 4 जण गेले. लोक घरच्यांबरोबर पाणी बघायला आले होते, शौर्य गाजवायला नव्हे. तरीही पावसाळ्यात मावळातल्या धोक्याच्या फलकांना टेकून फोटो काढणारे दिसतात, तेव्हा मला चीड येते.

तुम्ही या वाटेला हिवाळ्यात जा, पोरांचा हात धरा. आणि उंबराखाली कोणी जाकीटवाला बोलताना दिसला, तर डबा पुढच्या झाडाखाली उघडा.