चिरंजीवांची रात्रपाळी

नॉक्सव्हिल, टेनेसी
रविवार, रात्री

ती. आईंस शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी सकाळी साडेदहाला तुम्ही फोन केलात आणि तुमच्या चिरंजीवांनी तो उचलला नाही, त्याचा खुलासा करते. इथे तेव्हा शुक्रवारची मध्यरात्र होती. चिरंजीव एका मैदानात, अंगात चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट आणि हातात टॉर्च अशा थाटात, लोकांच्या गाड्या रांगेत लावत होते. नोकरी शाबूत आहे. घाबरू नका.

महिन्यापूर्वी त्यांनी जाहीर केलं, की आपण फुकट वैद्यकीय शिबिरात सेवेला जाणार. घरात सगळ्यांना वाटलं, आता हे पांढरा डगला घालून नाड्या बघणार. त्यांचाही समज तोच असावा, कारण धाकटीचा खेळण्यातला स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून ते आरशासमोर उभे राहिलेले सापडले. पण संगणकाच्या इंजिनिअरला दवाखान्यात काम कुठलं द्यायचं? पार्किंगचं.

शिबिर भरवणाऱ्या संस्थेचं नाव रिमोट एरिया मेडिकल. ती काढणारा स्टॅन ब्रॉक मूळचा इंग्लंडचा, तरुणपणी ब्रिटिश गयानात जाऊन गुराखी झालेला. तिथे एकदा घोड्याने त्याला असं आपटलं, की डॉक्टर हवाच. चौकशी केली तर जवळचा डॉक्टर पायी २६ दिवसांच्या वाटेवर! पुढे ‘वाइल्ड किंग्डम’ या टीव्ही मालिकेत रानटी जनावरांशी झटापटी करून त्याने नाव कमावलं आणि १९८५ मध्ये इथे नॉक्सव्हिलमध्ये ही संस्था काढली. रानावनातल्या माणसांपर्यंत डॉक्टर न्यायचा, एवढाच बेत होता. पण अमेरिकेतूनच बोलावणी येऊ लागली आणि आता बहुतेक शिबिरं याच देशात भरतात. ब्रॉक २०१८ मध्ये वारला. बरीच वर्षं तो जुन्या शाळेच्या इमारतीत जमिनीवर चटई टाकून झोपायचा. (हे ऐकल्यापासून चिरंजीवांचाही चटईचा विचार चालू आहे. कंबर धरेल तेव्हा उतरेल तो.)

अमेरिकेत फुकट दवाखान्याला गर्दी कशाला, असं तुम्ही विचाराल. आई, इथल्या विमा कंपन्यांच्या लेखी दात आणि डोळे हे शरीराचे भाग नाहीत. हृदयाचा विमा वेगळा, दाढेचा वेगळा. पासष्टीनंतर सरकारी मेडिकेअर मिळते, पण तीसुद्धा साध्या तपासणीने मिळणाऱ्या चष्म्याला आणि किडलेल्या दाताला हात लावत नाही. शिवाय डॉक्टरचा परवाना राज्यापुरता. शेजारच्या राज्यातला डॉक्टर इथे येऊन फुकट दात काढतो म्हणाला, तरी पूर्वी कायदा आडवा यायचा. म्हणजे कोल्हापूरच्या डॉक्टरला निपाणीत इंजेक्शन द्यायची बंदी! टेनेसीने १९९५ मध्ये कायदा करून ही अडचण काढली. या राज्याचं टोपणनावच ‘व्हॉलंटियर स्टेट’. फुकट काम करणाऱ्याला अडवून कसं चालेल?

आणि दातांबद्दल आमच्या गावाला बोलायला तोंड नाही. माउंटन ड्यू हे पेय १९४० च्या दशकात याच नॉक्सव्हिलमध्ये जन्माला आलं, दारूत मिसळायला म्हणून. आता या डोंगराळ मुलुखात गोड पेयांनी किडलेल्या दातांना ‘माउंटन ड्यू माउथ’ असंच नाव पडलंय. पेय इथलं आणि शिबिरही इथलंच.

तर, मैदानाचं फाटक मध्यरात्री उघडतं. माणसं गाडीतच पांघरुणं घेऊन झोपतात आणि नंबराचा कागद उशाखाली ठेवतात. पंढरपूरच्या दर्शनबारीची आठवण यावी, फक्त टाळ नाहीत. ओळखपत्र, विमा, पगार, कुणी काही विचारत नाही. सहाला दारं उघडली, की नंबर पुकारायचा. इथेच चिरंजीवांची पंचाईत. सत्तरीच्या बायाही त्यांना ‘हनी’ म्हणत होत्या. पहिल्या ‘हनी’ला ते कानापर्यंत लाल झाले, दहाव्याला सवय झाली, आणि घरी आल्यावर मी हाक मारली तर ओ देईनात.

वेळ कमी, माणसं फार, म्हणून आत शिरताना प्रत्येकाला निवड करावी लागते: दात की डोळे? दोन्ही त्याच दिवशी होत नाहीत. एका आजीबाईंना चिरंजीवांनी हा प्रश्न विचारला. त्यांच्या चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीने बांधलेली, उजवा गाल सुजलेला. त्या दारातच थबकल्या. एकदा चष्मा काढून पुसला, एकदा गाल दाबून पाहिला. मग म्हणाल्या, “हनी, टीव्ही कानाने ऐकता येतो. मक्याचं कणीस कानाने खाता येत नाही. दात!” सगळी रांग हसली, आजीबाईही हसल्या, तेही डाव्याच बाजूने. चिरंजीव घरी येऊन हे मला सांगायला लागले आणि मधेच उठून पाणी प्यायला गेले.

दुपारी त्यांना बढती मिळाली: दातांची हत्यारं उकळण्याचं खातं. तिथलं ऑटोक्लेव्ह म्हणजे आपला प्रेशर कुकरच, वाफ कोंडायची आणि उष्णता १२१ अंशांवर न्यायची. शिट्टी तेवढी होत नाही. तुमचा लेक शिट्टीवाचून घड्याळाकडे बघत कासावीस. चिमट्यांनाही नंबर असतात. १५० वरच्या दातांचा, १५१ खालच्या. २३ नंबरला ‘काउहॉर्न’ म्हणतात, त्याची टोकं खरंच गाईच्या शिंगांसारखी वळलेली. संध्याकाळपर्यंत १५० आणि १५१ न चुकता वेगळे निघू लागले. घरात स्वतःचे दोन मोजे जुळत नाहीत, हा भाग वेगळा.

स्वयंसेवकांसाठी मी पातेलंभर उपमा दिला होता. इथे मक्याच्या रव्याचा ‘ग्रिट्स’ नावाचा पांढरा लापशीसारखा प्रकार खातात, त्यामुळे मंडळींनी उपम्याला ‘मिरचीचे ग्रिट्स’ ठरवून फस्त केला. पुढच्या शिबिराला दुप्पट मागितलाय. आम्ही तिकडे येऊ तेव्हा न्यायला कढीपत्ता वाळवून ठेवा.

चिरंजीवांना हे खूळ कुठून लागलं, तेही मला काल रात्री कळलं. तुम्ही त्यांना सांगत असायचात ना, की तू मिशन हॉस्पिटलात जन्मलास, पोटात आडवा होतास म्हणून? वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये मिरजेत ते उभारलं, अमेरिकन मिशनच्या पैशावर. हे सगळं यांनी शिबिरात शेजारच्या दंतवैद्याला चिमटे पुसता पुसता ऐकवलं. त्याने ‘मिरज’ हा शब्द चार वेळा म्हणून पाहिला आणि एकदाही जमला नाही.

पण त्याच दंतवैद्याने यांचं तोंड उघडून पाहिलं. खालची डावी दाढ किडली आहे, रूट कॅनाल लागणार. बिलाचा आकडा ऐकून यांनी तोंड मिटलं. पत्राचं मुख्य कारण हेच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही येतोय, तर स्टेशनजवळच्या आपल्या डॉक्टरांकडे वेळ घेऊन ठेवा. सकाळची मिळाली तर बरं, दुपारी यांना झोप लागते.

मुलांचा नमस्कार.

तुमची,
सून

ता. क. तो स्टेथोस्कोप धाकटीला अजून परत मिळालेला नाही.