खटखट कधी होते?

पुण्याहून महाड गाठायला बरे रस्ते आहेत, आणि भोरवरून वरंधा घाट उतरणारा एक रस्ता आहे. पंचवीस-तीस वर्षं वयाची फोर बाय फोर जीप बाळगणारी मंडळी हमखास हा दुसरा निवडतात. निसर्गासाठी, असं घरी सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात नीरा-देवघरचं पाणी, कावळ्या किल्ल्याची धार आणि वाघजाईच्या देवळाजवळची भजी यांपैकी फक्त भज्यांकडे लक्ष जातं. बाकी वेळ सगळी गाडी माना तिरक्या करून एकच गोष्ट ऐकत असते. कुठून तरी खटखट येते आहे. वेग वाढवला की गायब, कमी केला की पुन्हा हजर. पुढच्या सीटवरचे मेहुणे 'बेअरिंग गेलं' म्हणतात, कारण मेहुण्यांच्या मते गाडीत दुसरं काही जातच नाही. मागच्या बाकावरून काका 'शॉकअप' सुचवतात. काकूंना आवाज डावीकडून येतो, भाच्याला उजवीकडून, आणि स्टीअरिंगवर बसलेला मालक 'मला तर काहीच ऐकू येत नाही' असं शपथेवर सांगतो.

या मंडळींचा घोळ असा, की ती आवाज कसा आहे आणि कुठून येतो यावर भांडत बसतात. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न जवळजवळ निकामी आहेत. विचारायचं ते हे, की आवाज कधी होतो, आणि चाकाच्या एका फेऱ्यात किती वेळा होतो. 'कुठून' हा प्रश्न का बाद, तर जुन्या जीपची सगळी बॉडी एका लांबलचक पोलादी चासीवर बसवलेली असते आणि पोलाद आवाज इमानेइतबारे या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवतं. पुढच्या पाट्याचा बुश झिजलेला असतो आणि बोंब मागच्या सीटखालून ऐकू येते. 'कसा' या प्रश्नाचं तर गॅरेजमध्ये नाटकच होतं. पन्नाशीचा, चारचौघांत मान असलेला गृहस्थ मेकॅनिकसमोर उभा राहून तोंडाने 'टक्-टक् नाही हो, टुक्-टुक्, आणि मध्येच एक घर्र' असं करून दाखवतो. मेकॅनिक गंभीरपणे मान डोलावतो आणि ज्याचा सुटा भाग दुकानात पडून आहे तोच बदलतो. डॉक्टरसमोर नुसतं कण्हून दाखवलं तर तोही काय औषध देणार? जेवणाआधी दुखतं की नंतर, हेच तो आधी विचारतो.

आता हे आवाज कमी वेगातच का सापडतात? वेगात वारा, हूडची फडफड आणि डिझेल इंजिन मिळून सगळं झाकून टाकतात, हे कारण खरं, पण अर्धंच. दुसरं कारण गिअरच्या हिशेबात आहे. १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली आणि त्याच घडणीच्या गाड्या पुढे कित्येक दशकं आपल्याकडे बनत राहिल्या. त्या तीन गिअरच्या जीपमध्ये पहिला गिअर साधारण २.८ पट, ट्रान्सफर केसचा लो २.४६ पट आणि अ‍ॅक्सल ५.३८ पट. गुणाकार केला तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन ३७ फेरे मारतं. म्हणजे इंजिनची ताकदही टप्प्याटप्प्याने तितकी पट होत शाफ्ट, क्रॉस, दातेरी चाकं आणि हब यांच्यावर येते. यातल्या प्रत्येक सांध्यात वयोमानाने थोडा प्ले आलेला असतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की ताण उलटतो, सगळे प्ले एका दमात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात आणि खट्ट होतं. साठच्या वेगात ताण एकाच बाजूला टिकून असतो, त्यामुळे गाडी शहाण्यासारखी गप्प बसते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जायला लागणं ही जुन्या जीपची विटंबना नाही, ती तिची जबानी घ्यायची वेळ आहे. आणि अशी वेळ या रस्त्यावर जितकी मिळते तितकी दुसरीकडे क्वचितच.

सुरुवात खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून करता येते. तिथल्या रांगेत गाडी उभी असताना आवाज येत असेल तर चाकं, पाटे, शाफ्ट हे सगळे निर्दोष सुटले, कारण ते हलतच नाहीयेत. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो की बंद होतो, एवढं पाहिलं की क्लचच्या बेअरिंगचा निकाल लागतो, आणि मेहुण्यांचं आयुष्यात एकदा खरं ठरण्याची शक्यता निर्माण होते. उभ्या गाडीत नुसतं अंग थरथरून खडखड होत असेल तर सायलेन्सरचं हँगर रबर आधी बघावं. पण त्याही आधी जॅक, टॉमी, पाने आणि स्टेपनी बघावी. सीटखाली सुटा पडलेला टॉमी हा महाराष्ट्रातल्या जुन्या जीपांचा सर्वांत महागडा बिघाड आहे. त्याच्यापायी आजवर किती गिअरबॉक्स विनाकारण उघडले गेले असतील देव जाणे. कापूरहोळला वळल्यावर गतिरोधक सुरू होतात आणि पाट्यांची पाळी येते. गतिरोधकावर चढताना एकदा आणि उतरताना एकदा कुरकुर झाली, पण सपाट रस्त्यावर शांतता असली, तर दोष पाटे, शॅकल किंवा बुश यांचा. दणका बसल्यावर खणखणीत ठोका ऐकू आला तर यू बोल्टला पाना लावून पाहावा. त्यातली नुसती कुरकुर काही धोक्याची नसते. लोक जळकं ऑइल फासतात आणि दोन दिवस शांततेत जगतात.

खरी मजा भोरच्या पुढच्या सपाट तुकड्यात आहे, कारण तिथे मोजता येतं. ताशी दहा किलोमीटरने चाललेल्या जीपचं चाक सेकंदाला साधारण सव्वा फेरा घेतं. प्रॉपेलर शाफ्ट चाकाच्या पाचपट वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला सहा फेरे. आता 'टक्… टक्… टक्' असा सावकाश, मनात आकडे म्हणता येतील असा आवाज असेल तर गुन्हेगार चाकाशी बांधलेला आहे. टायरमध्ये रुतलेली खडी असेल, ड्रम असेल किंवा सैल नट असेल. 'चिंचिंचिंचिं' अशी मोजता न येणारी घाई असेल तर शाफ्टचा क्रॉस बिनग्रीसचा पडलाय. खाली वाकून पाहिलं तर क्रॉसच्या टोपीभोवती लालसर, बारीक भुकटी दिसते, सीलमधून बाहेर पडून शाफ्टवर पंख्यासारखी उडालेली. आतल्या सुया गंजून त्यांचं पीठ होतं, तेच हे. ताडोबात जुन्या जिप्सीचा असला क्रॉस वाजू लागला की मागच्या सीटवरचे पाहुणे कुठला पक्षी म्हणून दुर्बिणी काढतात. यात एक मेख आहे. ही चिंचिं काही दिवसांनी आपोआप थांबते. मालक पेढे वाटण्याच्या बेतात असतो, पण थांबण्याचं कारण एवढंच, की किंचाळायला आत काही उरलेलं नाही. यापुढे गाडी सोडताना खट्ट होणार आणि मग हादरे बसणार. तेव्हा जुन्या जीपचा नवा आवाज जितका दखल घेण्यासारखा, तितकीच तिची नवी शांतताही.

नीरा-देवघरच्या काठाकाठाने वळणं लागली की आणखी एक साक्षीदार उभा राहतो. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. त्या वेळी घरघर वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर उजव्या बाजूच्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. पुढच्या चाकांना फ्री व्हीलिंग हब असतील तर याहून पक्की परीक्षा हाताशी आहे. हब मोकळे केले की पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल फिरायचे थांबतात. आवाजही त्याबरोबर थांबला तर तो पुढच्या अ‍ॅक्सलचा, चालू राहिला तर निदान या दोघांचा नाही. एक पैसा खर्च न करता अर्धी गाडी संशयातून मोकळी होते. पण इथेच हौशी मालक घात करतो. घाट आला, पोरंबाळं मागे बसली आहेत, म्हणून तो सुक्या खडखडीत डांबरावर 'ग्रिपसाठी' फोर व्हील टाकतो. या जीपांना पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापावा लागतो, आणि शाफ्ट मात्र दोघांना एकाच हिशेबात फिरवत असतात. हा फरक चिखलात घसरून भरून निघतो. डांबरावर तो गिअरांत पिळासारखा साठत जातो. मग स्टीअरिंग जड, टायरांची चीची, मधूनच एक दणका, आणि लिव्हर ओढला तरी निघत नाही. काकांना वाटतं, गाडी गेली. गाडी कुठेही गेलेली नसते. चार हात सरळ मागे घ्या, पीळ सुटतो, लिव्हर लोण्यासारखा निघतो. हा आवाज बिघाडाचा नाही, चालवणाऱ्याचा आहे, आणि नेमका हाच गॅरेजमध्ये सांगताना गाळला जातो.

यावर आक्षेप येणार, की मोजणी कसली करता, मुरलेला उस्ताद आवाज ऐकूनच सांगतो. सांगतो, मान्य. पण तो काय करतो ते नीट बघा. आधी तो मालकाला बाजूला बसवतो, गाडी स्वतः चालवतो, एकदा धरतो, एकदा सोडतो, हलका ब्रेक लावतो, अंगणातच डावी-उजवी आठ काढतो. म्हणजे तोही 'कधी' हेच विचारतोय, फक्त तोंडाने नाही. पेचकस कानाला लावून इंजिन ऐकण्याची त्याची ऐट उभ्या गाडीपुरती आहे. धावत्या शाफ्टला कोणी पेचकस लावत नाही, लावला तर पुन्हा लावायला उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: जुनी गाडी वाजणारच, किती मनावर घ्यायचं? बहुतेक आवाजांच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. दरवाजे, हूडचे पाइप, बॉनेटच्या कड्या वाजल्या तर वाजू द्याव्यात. पण कुठला आवाज मनावर घ्यायचा नाही हे ठरवायलाही तो कधी होतो ते ठाऊक असावं लागतं. सगळ्याच आवाजांना 'वय झालं' म्हणून सोडून देणारा एक दिवस सैल नटालाही वयाच्या नावावर घालतो. तिसरा आक्षेप भाच्याचा: स्कॅनर लावा ना. या जीपमध्ये तो खुपसायला भोक नाही.

सैल नटाची गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. चाकाच्या फेऱ्यागणिक एक ठोका, कमी वेगात स्पष्ट आणि वेगात पुसट, असं लक्षण दिसलं तर पुढचं गाव येईपर्यंतही वाट न पाहता थांबावं आणि पाना लावावा. इथेही एक गंमत आहे. विलीज घडणीच्या जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असत. मदतीला धावून आलेला भला माणूस जीव खाऊन पाना फिरवतो, घाम पुसतो, 'आता हलायचं नाव नाही' म्हणतो, आणि नट आधीपेक्षा सैल करून निघून जातो. आणखी एक पथ्य: न्यूट्रलमध्ये टाकून आवाज राहतो की जातो ही परीक्षा भोरच्या सपाटीवरच उरकावी. घाटात उतारावर न्यूट्रल करणं म्हणजे परीक्षेआधी निकाल.

वाघजाईला थांबलात की चाकांना आधी दगड लावा (निघताना ते बाजूला टाका, ट्रकवाल्यांनी रस्त्यात सोडलेल्या दगडांनी बऱ्याच चांगल्या गाड्यांना नवे आवाज दिले आहेत). मग भज्यांची ऑर्डर देऊन चारही हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहा. पुढची दोन साधारण सारखी तापलेली असावीत, मागची दोन सारखी. जोडीदारापेक्षा एक फार गरम असेल तर तिथे ब्रेक अडकतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. एवढी माहिती एका कागदावर लिहा: कुठला गिअर, किती वेग, चढ की उतार, कुठल्या वळणावर, फेऱ्याला किती वेळा. महाडच्या गॅरेजवाल्याच्या हातात तो कागद द्या आणि कृपा करून तोंडाने काहीही वाजवून दाखवू नका. आणि निघण्यापूर्वी वरंधा सुरू आहे का तेवढी चौकशी करा. पावसाळ्यात दरडी कोसळतात म्हणून तो बरेचदा बंद ठेवलेला असतो.